ट्यूबा कुठून आणायचा?

ड्वोर्झाकची नववी सिम्फनी साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालते. ‘न्यू वर्ल्ड’ या नावाने जगभर वाजणाऱ्या या रचनेत ट्यूबा नावाच्या अवजड पितळी वाद्यासाठी अगदी मोजके दीर्घ सूर लिहिलेले आहेत, आणि तेही सगळे दुसऱ्या खंडात. झांजेचा तर अख्ख्या रचनेत एकच आघात आहे, चौथ्या खंडातला. पण म्हणून ते गाळता येत नाहीत. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला पितळी वाद्यांची जी संथ, गंभीर स्वरमालिका उमटते तिचा तळ ट्यूबाने धरलेला असतो. तो काढून घेतला तर वरचे सूर अधांतरी राहतात. तेव्हा त्या मोजक्या सुरांसाठी एक ट्यूबावादक हवाच.

बर्लिनमध्ये किंवा व्हिएन्नात हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथे ट्यूबावादक ऑर्केस्ट्राच्या पगारपत्रकावर असतो. मुंबईत मात्र हंगाम ठरवायला बसलेल्या माणसापुढे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो. नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचा, म्हणजे आपल्या एनसीपीएचा, ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा देशातला एकमेव व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा. २००६ साली तो सुरू झाला. त्याचे हंगाम वर्षातून दोन, एक हिवाळा सरताना आणि एक सप्टेंबरच्या सुमारास. बारा महिने मुंबईत राहून वाजवणारे त्याचे वादक दीड-दोन डझनांच्या घरातले, आणि त्यांत बहुतेक तंतुवाद्यांचे. मोठ्या सिम्फनीला माणसं लागतात ऐंशी ते शंभर. उरलेले वादक हंगामापुरते देशोदेशींहून येतात, काही आठवडे इथे राहतात, वाजवतात आणि परत जातात.

म्हणून येत्या हंगामाचं पत्रक हातात आलं की मी आधी पाहुण्या कलाकारांची नावं वाचत नाही. रचना वाचतो, आणि त्या रचनांना कोणकोणती वाद्यं लागतात ते मनात मांडून पाहतो. त्या पत्रकात न लिहिलेली बरीच कहाणी तिथे असते.

बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी घ्या. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. तिच्यात तीन ट्रॉम्बोन आहेत, पण पहिल्या तीन खंडांत त्यांना एकही सूर नाही. तिसरा खंड संपताना सगळं दबत दबत जातं, टिंपनीवर एकच ठोका हळूहळू चालू राहतो, आणि तिथून मध्ये न थांबता चौथा खंड उसळून वर येतो. त्या क्षणी ट्रॉम्बोन पहिल्यांदा तोंड उघडतात. सोबत पिकोलो आणि काँट्राबसूनही. वीसेक मिनिटं गप्प बसून राहिलेल्या या मंडळींमुळेच तो उजेड पडल्यासारखा वाटतो. कलेच्या दृष्टीने ही योजना अजोड आहे. हंगाम ठरवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र एका रात्रीच्या शेवटच्या खंडासाठी पाच माणसांची विमानाची तिकिटं, हॉटेल आणि मानधन. मग तो असं करतो की ज्या आठवड्यात बीथोव्हेनची पाचवी आहे त्याच आठवड्यात किंवा त्याच्या पुढच्यात ट्रॉम्बोनला भरपूर काम असलेली ब्राम्स, चायकोव्स्की किंवा रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची रचना घेतो. ट्यूबा बोलावलाच आहे तर त्याला खऱ्या अर्थाने वाजवायला देणारं काही तरी शोधतो. आपल्याला पत्रकावर दिसतात चार-पाच संध्याकाळी. त्यांच्यामागे हे गणित असतं.

त्यात आणखी एक कलम संहितांचं. ऑर्केस्ट्राच्या प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाद्यापुरतं नोटेशन असतं आणि कंडक्टरसमोर सगळ्यांचं एकत्र, ज्याला स्कोर म्हणतात. ज्या संगीतकारांचा स्वामित्वहक्क संपला आहे त्यांच्या रचनांचे हे संच विकत घेऊन ठेवता येतात. हक्क चालू असलेल्यांचे बहुधा प्रकाशकाकडून भाड्याने आणावे लागतात, आणि प्रत्येक प्रयोगाचे पैसे वेगळे. आपल्या कायद्यात हा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राखमानिनॉव्ह १९४३ मध्ये गेला, त्यामुळे तो आपल्याकडे केव्हाच मोकळा झाला. स्ट्राविन्स्की १९७१ मध्ये गेला, तो अजून नाही. विसाव्या शतकातलं संगीत हंगामात कमी का दिसतं याचं एक उत्तर श्रोत्यांच्या आवडीत आहे आणि दुसरं या हिशेबात.

पण इतकी माणसं हवीतच कशाला? हा प्रश्न आपल्याकडे अगदी रास्त आहे, कारण आपली मैफल तीन-चार जणांत रंगते. याचं उत्तर कानाच्या रचनेत आहे. एका व्हायोलिनच्या जागी दोन वाजवली म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. आपल्याला तो साधारण दुप्पट मोठा वाटायला दहा व्हायोलिनं लागतात. उलट एकटा ट्रम्पेट मनात आणेल तर अख्ख्या सभागृहाला ऐकू जातो. तेव्हा पितळी वाद्यांच्या तोडीस तंतुवाद्यं उभी करायची तर चौदा-सोळा पहिली व्हायोलिनं, जवळपास तितकीच दुसरी, दहा-बारा व्हायोला, दहा चेलो आणि आठ डबल बास अशी फौज लागते. शिवाय सोळा जण एकच सूर वाजवतात तेव्हा तो कधीच तंतोतंत एक नसतो. प्रत्येकाच्या बोटाच्या कंपात, गजाच्या दाबात सूक्ष्म फरक असतो, आणि त्या फरकांतूनच तो मऊ, दाट, रुंद नाद तयार होतो. कुठल्याही एका व्हायोलिनला, ते कितीही मौल्यवान असो, तो नाद देता येत नाही. मोत्झार्टला याहून कमी माणसं पुरतात, आणि मुंबईच्या कायमच्या वादकांचा छोटा संच ‘चेंबर ऑर्केस्ट्रा’ म्हणून वर्षभर तसले कार्यक्रम करतोच. ब्राम्स किंवा माहलर करायचा तर माणसं वाढवण्याला पर्याय नाही.

आता मूळ प्रश्न असा की मुंबईसारख्या शहरात ही माणसं का नाहीत. ती होती. आणि हीच गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडून शाळा असत. तिथे मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचायला शिकवलं जाई आणि व्हायोलिन हातात दिलं जाई. पिढ्यान् पिढ्या तिथून लिहिलेलं संगीत बघताक्षणी वाजवू शकणारे वादक तयार झाले. पोटासाठी ते ब्रिटिश हिंदुस्थानात आले. लष्करी आणि संस्थानिकांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत, मुंबईच्या हॉटेलांत वाजवू लागले. दुसरीकडे पारशी घरांत पियानो आणि व्हायोलिन शिकण्याची प्रथा होती. १९३५ मध्ये मेहली मेहता या व्हायोलिनवादकाने या सगळ्यांना एकत्र आणून ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. दिवसा नोकरी-धंदा करणारे हौशी वादक, गोव्याचे व्यावसायिक, नौदलाच्या बँडमधले फुंकवाद्यांचे वादक असा तो गोतावळा होता. पुढच्याच वर्षी मेहतांच्या घरी झुबिन, पुढचा जगप्रसिद्ध कंडक्टर, जन्मला.

त्याच सुमारास युरोपातून आसरा शोधत आलेले ज्यू कलावंतही मुंबईत पोचले. वॉल्टर काउफमन हा त्यांतला एक. १९३४ मध्ये तो आला, मेहली मेहतांबरोबर त्याने चेंबर संगीताची मंडळी जमवली आणि पुढे रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीची जी सकाळची धून ऐकत आपल्या कित्येक पिढ्या उठल्या, ती त्याची मानली जाते. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत रोज पहाटे व्हायोलिन वाजत होतं, आणि ते वाजवायला लावणारा माणूस प्रागमध्ये शिकलेला होता. युद्धानंतर तो मुंबई सोडून गेला आणि १९४८ मध्ये कॅनडातल्या विनिपेग सिम्फनीचा पहिला कंडक्टर झाला.

इतरही गेले. अठरा वर्षांचा झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला. मेहली मेहता १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात रुजू झाले, पुढे अमेरिकेला गेले. मुंबईत मागे राहिलेल्या वादकांना खरा आधार मिळाला तो हिंदी सिनेमाचा. चाळीस ते नव्वदच्या दशकांत या शहरात एक फार मोठा, बिनानावाचा ऑर्केस्ट्रा होता, आणि तो दादर, ताडदेव, महालक्ष्मी अशा भागांतल्या स्टुडिओंमध्ये रोज वाजत होता. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावं पडद्यावर मोठ्या अक्षरांत कधी आली नाहीत, पण आपण ज्यांना अजरामर गाणी म्हणतो त्यांच्या मागची व्हायोलिनांची लाट लिहिणारे आणि वाजवणारे हे लोक होते.

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले फार मोठे. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरूचं नाव त्यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये सगळ्या देशाच्या तोंडी बसवलं. गोन्साल्विसांची स्वतःची तळमळ मात्र वेगळी होती. हिंदुस्थानी राग आणि सिम्फनीची वाद्यरचना एकत्र आणायची त्यांना ओढ होती. त्यासाठी १९५८ मध्ये त्यांनी शंभरावर वादकांचा ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारला, आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. स्टुडिओतले वादक सुटी काढून किती काळ असं वाजवणार? पाठीशी संस्था नव्हती, पगार नव्हता, सभागृह नव्हतं. तो प्रयत्न टिकला नाही. नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि संगणकाने स्टुडिओतल्या तंतुवादकांची गरज संपवली आणि ज्या कामावर ही परंपरा जगत होती तेच गेलं. मुलाला व्हायोलिन शिकवून करायचं काय, हा प्रश्न मग वादकांच्याच घरांत विचारला जाऊ लागला. शंभर वर्षांत साठलेलं कसब एका पिढीत आटलं. ट्यूबा कुठून आणायचा या प्रश्नाची मुळं इथवर जातात.

एनसीपीए ही संस्था १९६९ मध्ये जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी सुरू केली. मराठी वाचकाला ती पु. ल. देशपांड्यांमुळे जवळची आहे. ते तिथले मानद संचालक होते. अशोक दा. रानड्यांनीही तिथे संशोधनाचं मोठं काम केलं. १९८० मध्ये तिथे टाटा थिएटर उभं राहिलं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि ऑपेरासाठी याहून मोठी जागा हवी होती. ती बांधून पुरी होत आली असतानाच १९९७ मध्ये आगीत जळाली. जमशेद भाभा तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. त्यांनी ती पुन्हा बांधून घेतली आणि १९९९ मध्ये ती खुली झाली. आज तिला त्यांचंच नाव आहे आणि आसनं अकराशेच्या वर. आत शिरल्यावर समोर दिसणारा संगमरवरी जिना मुंबईच्या जुन्या पेटिट हॉलमधून आणलेला आहे. हे सभागृह मला नेहमीच एका हट्टाचं बांधकाम वाटतं, कारण ते झालं तेव्हा त्यात वाजवायला शहराकडे ऑर्केस्ट्रा नव्हता.

तो आला सात वर्षांनी. पुढे एनसीपीएचे अध्यक्ष झालेले खुश्रू सनटूक जुन्या ध्वनिमुद्रिकांचे जाणकार संग्राहक. त्यांनी लंडनमध्ये कझाकस्तानचा व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह याला त्याच्या पश्चिम कझाकस्तानच्या ऑर्केस्ट्रासह ऐकलं. जो माणूस युरोपच्या कडेवरच्या एका दूरच्या गावात ऑर्केस्ट्रा उभा करू शकतो तो मुंबईतही करील, हा त्यांचा विचार. बिसेनगालिएव्ह संगीत संचालक म्हणून आला आणि सोबत कझाक वादकांची एक तुकडी घेऊन आला. सुरुवातीच्या वर्षांत यावर बरीच टीका झाली. परदेशी वादकांनी भरलेला ऑर्केस्ट्रा ‘ऑफ इंडिया’ कसा, असं विचारलं गेलं. प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त फार लवकर विचारला गेला. शिकवणारे हातच शहरात उरले नसतील तर ते आधी आणावे लागतात.

हंगामाच्या आदल्या दिवसांत काय चालतं ते बाहेर फारसं माहीत नसतं. देशोदेशीचे वादक विमानातून उतरतात. त्यांनी आपापला भाग घरीच बसवलेला असतो. मुंबईत तालीम होते ती एकत्र वाजवण्याची. व्यावसायिक ऑर्केस्ट्रात एका कार्यक्रमाला चार-सहा तालमी मिळतात, प्रत्येक अडीच-तीन तासांची. त्याआधी एक किचकट काम झालेलं असतं. व्हायोलिनचा गज कुठल्या सुरावर खाली ओढायचा आणि कुठल्या सुरावर वर ढकलायचा हे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख, ठरवतो आणि ते प्रत्येक वादकाच्या कागदावर पेन्सिलीने उतरवलं जातं. सगळे गज एका दिशेने हलताना छान दिसतात, पण कारण दिसण्याचं नाही. खाली ओढलेल्या गजात हाताचं वजन असतं, वर ढकललेल्यात ते कमी होत जातं. अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरं केलं तर वाक्याचा जोर कुठे पडतो तेच हरवेल. गायनात आपण श्वास कुठे घ्यायचा हे ठरवतो, तसंच हे.

मग कंडक्टर. त्याच्या हातातल्या काठीचा उपयोग काय, असं अनेकांना मनातून वाटत असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला बसलेलं व्हायोलिन आणि सर्वांत मागचा टिंपनीवादक यांच्यात बारा-पंधरा मीटर अंतर असेल, तर एकाचा सूर दुसऱ्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग लागतो. मागचा माणूस कानावर विसंबून वाजवू लागला तर तो दर ठोक्याला मागे पडेल, आणि द्रुत लयीत हा फरक स्पष्ट ऐकू येतो. म्हणून त्याला ऐकू येतंय त्याच्या किंचित आधी वाजवावं लागतं, डोळ्यांनी काठी पाहून. प्रकाशाला उशीर होत नाही. चांगल्या कंडक्टरचं काम यापुढे सुरू होतं: कुणाचा सूर वर आणायचा, कुणाला दाबायचं, एक मोठी चढण कुठून सुरू करायची. पण मुळात तो शंभर माणसांचं सामायिक घड्याळ आहे.

आणि हवा. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं, खुंट्या अडतात. ओबो आणि बसूनच्या तोंडाशी वेताच्या पातळ पट्ट्यांची जी दुहेरी जिव्हाळी असते ती हवेप्रमाणे लगेच बदलते. ओबोवादक ती बहुधा स्वतः तासून बनवतात, आणि दूर देशी निघाले की डबीत अनेक घेऊन निघतात. कारण कार्यक्रमाच्या सुरुवातीला अख्खा ऑर्केस्ट्रा ज्या एका सुरावर जुळवला जातो तो ओबो देतो. स्थिर, भेदक आणि चटकन न हलणारा सूर म्हणून हा मान त्याच्याकडे आला. आपल्याकडे गायकाच्या गळ्याप्रमाणे षड्ज बदलतो. इथे सूर ठरलेला, सेकंदाला ४४० ते ४४२ कंपनांच्या आसपासचा, आणि प्रत्येकाने त्याच्याकडे यायचं.

या ठरलेपणामुळेच आपल्या संगीताशी सिम्फनीची गाठ पडते तेव्हा अडचण येते. रविशंकर यांनी सतारीसाठी कंचेर्तो, म्हणजे एकलवाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचना, लिहिले. दुसरा, ‘रागमाला’, १९८१ मध्ये झुबिन मेहतांच्या संचालनात न्यूयॉर्क फिलहार्मनिकबरोबर वाजला. राग एका षड्जाभोवती फिरतो, मींड घेतो, श्रुतींच्या फटींतून जातो. पाश्चात्त्य हार्मनी पायाच सरकवत राहते. दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे स्वतःसारखे राहू शकत नाहीत, कुणाला तरी आखडतं घ्यावं लागतं. मला वाटतं, झाकीर हुसेन यांच्या ‘पेशकार’ने यातून जास्त मोकळी वाट काढली, कारण तिथे बोलणी लयीच्या मार्गाने होतात. तबल्यालाही सूर असतो हे खरं, पण त्याचं मुख्य बोलणं बोलांचं. कायदा, त्याचा विस्तार, तिहाईने समेवर येणं, हे सगळं ऑर्केस्ट्राच्या हिशेबी डोक्याला नीट कळणारं आहे. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने ही रचना त्यांच्याकडून मुद्दाम लिहवून घेतली आणि २०१५ मध्ये मुंबईत ती पहिल्यांदा वाजली. २०१६ मध्ये ती स्वित्झर्लंडला गेली आणि २०१९ मध्ये ब्रिटनला. लंडन, बर्मिंगहॅम, एडिंबरा, कार्डिफ अशा गावांत एका भारतीय ऑर्केस्ट्राने फिरून कार्यक्रम केले. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. ऑर्केस्ट्राचा भाग कागदावर आहे. तबल्याच्या भागात त्यांचा हात आणि त्या क्षणीचं स्फुरण होतं, ती जागा आता दुसऱ्या कुणी तबलियाने आपल्या परीने भरायची आहे. पुढच्या एखाद्या हंगामात तरुण तबलावादकाचं नाव या रचनेपुढे छापलेलं पाहायला मी फार उत्सुक आहे. रचना जगते ती अशीच.

मोठी नावं येतात तेव्हा वर्तमानपत्रं भरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहतांनी मुंबईत याच ऑर्केस्ट्राचं संचालन केलं. जगातले बहुतेक मोठे ऑर्केस्ट्रा हाताळून झाल्यावर सत्याऐंशीव्या वर्षी ते जन्मगावच्या ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिले. वडिलांनी १९३५ मध्ये ज्या शहरात हौशी-व्यावसायिक सगळे गोळा करून सुरुवात केली होती, तिथे आता पगारी वादक होते आणि योग्य सभागृह होतं. त्या संध्याकाळींचं मोल आहेच. पण हंगामाचं यश मी त्यावर मोजणार नाही.

ते मोजायचं तर २०१२ मध्ये सुरू झालेल्या या ऑर्केस्ट्राच्या संगीतशाळेकडे बघावं लागेल. मुलांना रशियन पद्धतीने तिथे शिकवतात: लहान वयात सुरुवात, आठवड्याला अनेक तास, वाद्याबरोबरच स्वरवाचन, संगीतसिद्धान्त, समूहगान. शिकवणारे बहुतेक ऑर्केस्ट्रातलेच वादक. सहा-सात वर्षांच्या मुलाला व्हायोलिन हातात दिलं तर ऑर्केस्ट्रात बसण्याजोगं व्हायला बारा-पंधरा वर्षं लागतात, तेही रोजच्या रियाजाने आणि बहुधा पुढे परदेशी शिकून. म्हणजे पहिल्या तुकडीतली मुलं आत्ता कुठे त्या उंबरठ्यावर आहेत. मेहली मेहतांच्या नावाची मुंबईतली संस्था, गोव्यातली कला अकादमी आणि ‘चाइल्ड्स प्ले’ यांच्याकडेही मुलं शिकतात.

पण यात एक पोकळी आहे आणि ती मला काळजीची वाटते. पालकांना व्हायोलिन आणि पियानो ठाऊक असतात, त्यामुळे मुलं तिकडे जातात. ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा कुणी मागत नाही. ही वाद्यं महाग, मोठी, शिकवणारे दुर्मीळ. बसूनला तर हाताचा पंजा पुरेसा मोठा व्हावा लागतो, त्यामुळे सुरुवातच दहा-बारा वर्षांच्या पुढे. तंतुवाद्यांच्या रांगा वीस वर्षांत आपल्या मुलांनी भरतील, असं मी विश्वासाने म्हणू शकतो. मागच्या रांगा आपोआप भरणार नाहीत. आपल्याकडे फुंकवाद्यांचं कसब अजून आहे ते लष्कर-नौदलाच्या बँडांत, गोव्यातल्या गावांत आणि लग्नाच्या वरातींतही. या लोकांची मुलं आणि नरिमन पॉइंटची संगीतशाळा यांची भेट घडवून आणायची तर शिष्यवृत्ती, राहायची सोय आणि भाड्याने मिळणारी वाद्यं लागतील. एका पाहुण्या एकलवादकाच्या मानधनात एका मुलाला कित्येक वर्षं बसून शिकवता येईल. हंगामाच्या आखणीत हे कलम असावं असं मला मनापासून वाटतं.

येत्या हंगामाला पहिल्यांदा जाणार असाल तर कार्यक्रमाचा साचा समजून घ्या. बहुधा आधी एक छोटी, दहा-बारा मिनिटांची रचना असते, मग एकलवाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांचा कंचेर्तो, मध्यंतर आणि नंतर सिम्फनी. सिम्फनीचे खंड बहुधा चार. मध्ये शांतता होते, वादक पानं उलटतात, पण रचना संपलेली नसते. हल्लीचा संकेत असा की सगळे खंड संपून कंडक्टरचे हात खाली आले की टाळ्या द्याव्यात. हा नियम बीथोव्हेनच्या काळी नव्हता. त्याची सातवी सिम्फनी १८१३ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा तिचा दुसरा खंड लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला होता, आपल्या नाट्यगृहांत पदाला वन्समोअर मिळायचा तसा. तेव्हा आवडलं म्हणून कुणी मध्येच टाळी दिली तर त्याच्याकडे रागाने पाहू नका.

महाग तिकीट म्हणजे उत्तम आवाज असंही नाही. पहिल्या रांगांतून एकलवादकाची बोटं दिसतात, पण मागची फुंकवाद्यं व्हायोलिनांच्या पाठीआड जातात. वरच्या मजल्यावर आवाज एकजीव होऊन पोचतो आणि अख्खा रंगमंच नजरेत येतो. सुरुवात चेंबर ऑर्केस्ट्रापासून न करता मोठ्या कार्यक्रमापासून करा. ड्वोर्झाक, चायकोव्स्की किंवा रिम्स्की-कोर्साकोव्हचं ‘शेहेराजाद’ असं काही असेल तर उत्तम. रचना आदल्या आठवड्यात दोन-तीनदा घरी ऐकून जा. ओळखीची धून वेगळ्या वाद्यावर परत आली की ती लगेच कळते. आणि सभागृहात वादकांच्या नावांची पुस्तिका मिळाली तर तिचं शेवटचं पान नीट वाचा: पहिल्या व्हायोलिनांपासून तालवाद्यांपर्यंत सगळी नावं तिथे रांगेने असतात. आपल्याकडची नावं किती आणि कुठल्या रांगांत आहेत ते पाहा, पुस्तिका जपून ठेवा, आणि पुढच्या हंगामाची आली की शेजारी ठेवून ताडून पाहा.